वाटीभर बर्फ

माणसाच्या मोठ्या दुःखांविषयी, मोठ्या पापांविषयी आणि मोठ्या कर्तव्यांविषयी ज्ञानी मंडळींनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. त्याच्या लहान इच्छांविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. आजाऱ्याला एखादा घास खावासा वाटतो, थकलेल्या म्हाताऱ्याला एकदा समुद्र पाहून यावेसे वाटते, लेकराला पहिल्या पावसात भिजावेसे वाटते. अशा इच्छांना नीतीच्या तराजूत काही वजन असते काय? त्या आपण पुरवल्या नाहीत, तर कोणाचे काही देणे आपल्या माथी राहते काय? हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो एखाद्या ग्रंथाच्या पानावर नव्हे. जपानमधील एका लहानशा दुकानात, किसलेल्या बर्फाच्या वाडग्यासमोर आम्ही बसलो होतो, तेव्हा तो उभा राहिला.

गेल्या वर्षी जुलैच्या अखेरीस आम्ही उभयता जपानला गेलो होतो. आमची धाकटी कन्या नोकरीनिमित्त तोक्योत राहते. तोक्योचा उन्हाळा आपल्या वसईच्या मे महिन्याची आठवण व्हावी इतका दमट असतो. जरा गारवा मिळावा म्हणून तिने आम्हांला एके दिवशी निक्को ह्या डोंगरातल्या गावी नेले. असाकुसा स्थानकावरून निघालेली गाडी सुमारे दोन तासांत तेथे पोहोचते. निक्को प्रसिद्ध आहे ते तोशोगू ह्या देवस्थानामुळे. जपानवर अडीच शतके राज्य करणाऱ्या घराण्याचा मूळ पुरुष तोकुगावा इएयासु १६१६ साली निवर्तला. त्याच्या नातवाने १६३६ साली आजोबांच्या स्मारकाला आजचे वैभव दिले. सोन्याचा मुलामा, कोरीव पक्षी, फुले, अजस्र देवदार, सारे काही माणसाचे नाव काळाच्या जबड्यातून वाचवण्यासाठी उभारलेले. पाहून आमचे डोळे दिपले आणि, खरे सांगायचे तर, पायऱ्या चढून पायही भरून आले.

परतीच्या वाटेवर एका दारात पांढरे निशाण फडफडताना दिसले. त्यावर निळ्या लाटा होत्या आणि मधोमध एक ठसठशीत लाल अक्षर. कन्या म्हणाली, "हे बर्फाचं अक्षर. पाण्याच्या अक्षराला एक टिंब जोडलं की बर्फ होतो." उन्हाळ्यात हे निशाण दिसले, की तेथे 'काकिगोरी', म्हणजे किसलेल्या बर्फावर गोड पाक घालून केलेला पदार्थ मिळतो, हे जपानातले लहान मूलही जाणते.

दुकान अगदी बेताचे होते. पाच-सहा मेजे, दाराशी टांगलेली काचेची इवलीशी घंटा, आणि कोपऱ्यात हाताने फिरवायचे चाक असलेले ओतीव लोखंडाचे जुने यंत्र. मालक बर्फ किशीत होता आणि त्याची पत्नी वाडगे मांडीत होती. बाहेर दहा-बारा माणसे रांगेत उभी होती, पण कोणी कुरकुर करीत नव्हते. यंत्राचा सरसर आवाज कानी पडला आणि आम्हांला आपल्याकडच्या सणाच्या जत्रेतला गोळेवाला आठवला. लाकडी रंधा उलटा धरून त्यावर तो बर्फ घाशीत असे. गंमत अशी, की यंत्र येण्यापूर्वी जपानातही सुताराच्या रंध्यासारख्या पात्यावरच बर्फ किसला जाई. दोन दूरचे देश, पण उन्हाने तापलेल्या माणसाची युक्ती एकच!

मात्र ह्या दुकानातला बर्फ कारखान्यातला नव्हता. डोंगराच्या सावलीतल्या तळ्यात तो हिवाळ्याच्या थंडीने गोठवलेला होता. अशा रीतीने बर्फ पिकवणारी घराणी आज जपानात बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत, आणि त्यांतली काही निक्कोच्या परिसरात आहेत. 'पिकवणारी' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला, कारण हे काम शेतीसारखेच आहे. आधी तळे साफ करून त्यात झऱ्याचे पाणी सोडायचे. मग थंडी पडली की ते हळूहळू, दिवसाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर गोठू द्यायचे. सुमारे पंधरा सेंटिमीटर जाडी येण्यास दोन आठवडे किंवा त्याहूनही अधिक दिवस लागतात. त्या काळात वाऱ्याने पान पडले तर उचलायचे, धूळ बसली तर झाडायची. बर्फवृष्टी झाली तर मध्यरात्री उठून ती झाडून काढायची, नाहीतर खालचा बर्फ पांढुरका आणि भुसभुशीत होतो. अवेळी पाऊस आला तर सारी मेहनत पाण्यात जाते, आणि येथे ती अक्षरशः पाण्यातच जाते! साधले तर लाद्या कापून बर्फघरात रचायच्या, त्यांवर लाकडाचा भुसा पसरायचा आणि उन्हाळ्याची वाट पाहायची. सावकाश गोठलेल्या पाण्यातील हवा आणि गाळ बाहेर पडतो, म्हणून तो बर्फ काचेसारखा स्वच्छ आणि घट्ट होतो. किसण्यापूर्वी लादी थोडा वेळ बाहेर ठेवून तिचा अतिथंडपणा घालवतात. तेणेकरून पाते पातळ फिरते आणि खाताना कपाळात कळ उठत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर जो पदार्थ वाडग्यात दहा मिनिटेही टिकत नाही त्यासाठी. आमच्यातील हिशेबी मनाने लगेच आकडेमोड केली. एका वाडग्याला हजार येनच्या आसपास किंमत, म्हणजे आपले पाच-सहाशे रुपये. गोठलेल्या पाण्याला! एका बाजूला तीनशे नव्वद वर्षे टिकलेले सोन्याचे देवस्थान, दुसऱ्या बाजूला दहा मिनिटांत विरघळणारे हे सुख. विचारी माणसाने कशाला मान द्यावा?

पण इतिहास पाहिला तर ह्या सुखाला कोणी कधी क्षुल्लक मानलेले दिसत नाही. इसवी सन १०००च्या सुमारास सेइ शोनागोन नावाच्या राजदरबारातील विदुषीने 'माकुरा नो सोशी' हे पुस्तक लिहिले. त्यात तिने सुंदर व अभिजात वस्तूंच्या यादीत नव्या धातूच्या वाटीतील किसलेला बर्फ आणि त्यावरचा वेलीच्या रसाचा गोड पाक ह्यांचा उल्लेख केला आहे. त्या काळी हा बर्फ उमरावांनाच मिळे. सामान्य माणसाने काय करावे? क्योतोच्या लोकांनी त्यावर तोड काढली. तांदळाच्या पिठीचा पांढरा, त्रिकोणी, बर्फाच्या कपच्यासारखा दिसणारा गोड पदार्थ करून त्यावर लाल चवळीसारखे 'अझुकी' दाणे घालायचे आणि वर्षाच्या मध्याला, ३० जूनला, तो खायचा. त्याला 'मिनाझुकी' म्हणतात, आणि तो आजही खाल्ला जातो. ज्यांच्या नशिबी बर्फ नव्हता त्यांनी पिठाचा बर्फ केला, पण इच्छा सोडली नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात परदेशी जहाजांतून बोस्टनचा बर्फ योकोहामा बंदरात येऊ लागला. त्याच बोस्टनचा बर्फ १८३३ साली कलकत्त्यास व त्यानंतर आपल्या मुंबईसही येऊन पोहोचला होता. मग नाकागावा काहेई नावाच्या उद्योजकाने अनेकदा अपयश पचवून, १८७०च्या सुमारास उत्तरेकडील हाकोदाते येथील बर्फ कापून दक्षिणेकडे आणला. त्यानंतरच किसलेला बर्फ उमरावांच्या वाटीतून हळूहळू रस्त्यावरच्या माणसाच्या हाती आला.

आमची पाळी आली. यादीत हिरव्या चहाच्या पाकाचा, स्ट्रॉबेरीचा, गोड अझुकीचा, असे नाना प्रकार होते. आम्ही सर्वांत साधा आणि सर्वांत स्वस्त निवडला. नुसत्या साखरेच्या पाकाचा. त्याचे नाव होते 'मिझोरे'. आम्ही अर्थ विचारला. कन्या म्हणाली, "पाऊस आणि बर्फ एकत्र पडतात ना, त्याला मिझोरे म्हणतात." थोडे थांबून तिने पुढे सांगितले, की जपानी भाषा शिकताना तिला एक कविता अभ्यासाला होती, आणि त्या कवितेत असेच मिझोरे पडत असते.

कवी मियाझावा केंजी. ईशान्य जपानातील हानामाकी गावचा, शेतकी शाळेत शिकवणारा. त्याची लाडकी धाकटी बहीण तोशी क्षयाने आजारी होती. २७ नोव्हेंबर १९२२ हा तिचा शेवटचा दिवस ठरला. अंगात ताप भरलेला, बाहेर पावसात मिसळलेला बर्फ पडत होता. तिने भावाला तोच थोडासा बर्फ आणून देण्यास सांगितले. आणि केंजी वाडगे घेऊन तसाच बाहेर धावला. ती वयाच्या चोविसाव्या वर्षी गेली. केंजीने त्या सकाळवर कविता लिहिली, ती १९२४ साली त्याच्या संग्रहात प्रसिद्ध झाली. कन्येने तिचा जो आशय सांगितला तो आमच्या मनातून अद्याप हललेला नाही. कवीला वाटते, की बहिणीने ही मागणी केली ती स्वतःसाठी नव्हेच. ती निघून गेल्यावर भावाच्या उरलेल्या आयुष्यात उजेड राहावा, म्हणून जाता जाता तिने त्याला काहीतरी करण्याची संधी दिली.

एवढे सांगून ती गप्प झाली. मग आमच्याकडे न पाहता, चमच्याने बर्फ सारीत म्हणाली, "आजी पण शेवटी गोळा मागत होती. आठवतं तुम्हांला?"

आम्हांला आठवत होते. तिला आठवत असेल हे मात्र आम्हांला ठाऊक नव्हते. तेव्हा ती जेमतेम आठ वर्षांची होती.

आमच्या आईने जन्मभर भाजीच्या पाट्या वाहिल्या. पहाटेच्या गाडीने दादर गाठायचे, दुपारी परत येऊन वाडीत राबायचे. स्वतःसाठी तिने कधी काही मागितल्याचे आम्हांस स्मरत नाही. सोळा वर्षांपूर्वी तिची मूत्रपिंडे निकामी झाली. दिवसाला किती पाणी प्यायचे ते डॉक्टरांनी मापून दिले होते. तहानेने तिचा जीव कासावीस होई. अखेरच्या आठवड्यात एका दुपारी ती म्हणाली, "एक बर्फाचा गोळा आणा ना रे कोणीतरी. लहानपणी सणाला बाबा द्यायचे तसा." आम्ही तिची समजूत काढली. रस्त्यावरचा बर्फ, कसल्या पाण्याचा कोण जाणे. घसा धरेल, खोकला होईल. पाण्याचे माप चुकेल. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा मागितला. आम्ही हसून म्हणालो, "बरी हो, मग दोन आणू." तिसऱ्या दिवशी तिने मागितला नाही.

ती गेली तेव्हा आमचे धाकटे बंधू कुवेतला होते. त्यांना पोहोचण्यास दीड दिवस लागणार होता. अंत्यविधी थांबवावा लागला. तेव्हा बर्फाच्या कारखान्यातून आम्ही चार लाद्या मागवल्या. बारदानात गुंडाळलेल्या, भुसा लागलेल्या. आम्ही आपल्या हातांनी तो भुसा झटकला आणि त्या आईच्या दोन्ही बाजूंना रचल्या. जिला वाटीभर बर्फ आम्ही नाकारला होता, तिच्याभोवती मणभर बर्फ रचताना त्या घाईगर्दीत आमच्यापैकी कोणाच्याही मनात काही आले नाही. ते आले सोळा वर्षांनी, निक्कोच्या त्या दुकानात, बर्फघरातल्या लाद्यांवर भुसा पसरतात हे ऐकल्यावर.

येथे आमचा बचाव करणे अवघड नाही, आणि तो आम्ही मनातल्या मनात अनेक वेळा केला आहे. आम्ही नाही म्हणालो ते प्रेमापोटी. रस्त्यावरच्या बर्फाने आजार होतात हे खोटे नाही. पाण्याचे पथ्य हे काही आमचे लहरीचे फर्मान नव्हते. पथ्य पाळणे हाही सेवेचाच भाग आहे. आजाऱ्याने मागावे आणि घरच्यांनी देत सुटावे, ह्याला कोणी शहाणपण म्हणणार नाही. हे सारे खरे आहे. परंतु एक गोष्ट आम्ही केली नाही, आणि तेथेच बचाव लंगडा पडतो. आम्ही डॉक्टरांना विचारले नाही. विचारले असते तर कदाचित कळले असते, की पाण्याचे माप असलेल्या रुग्णांना तहान भागवण्यासाठी बर्फाचा लहानसा खडा तोंडात धरण्यास पुष्कळदा सांगतात. तो दिवसाच्या मापात धरला म्हणजे झाले. घरच्या शुद्ध पाण्याचा बर्फ, चार थेंब सरबत आणि वाटीत एक चमचा, एवढ्यावर भागले असते. आम्ही विचारले नाही, कारण विचारण्याइतके ते महत्त्वाचे आहे असे आम्हांला वाटलेच नाही. आमचा दोष नाकारण्यात नव्हता. आम्ही तिच्या इच्छेचे वजन न करताच ती क्षुल्लक ठरवली, हा आमचा दोष होता.

आपल्याला लहानपणापासून संयम शिकवला जातो, आणि ते योग्यच आहे. उपवासकाळात आपण आवडीचा पदार्थ सोडतो, जिभेला लगाम घालतो, त्यातून मन मोकळे होते. परंतु त्याग हा ज्याचा त्याने करायचा असतो. उपवास स्वतःचा असेल तर ती साधना. तोच दुसऱ्यावर लादला तर ती उपासमार. ह्यातून आम्हांला एक साधा नियम सुचतो. आपली स्वतःची लहान इच्छा आपण लहानच मानावी. दुसऱ्याची लहान इच्छा मात्र लहान मानण्याचा अधिकार आपल्याला नाही. आणि तो दुसरा जर दुबळा असेल, आजारी असेल, म्हातारा असेल, आपल्या हाताकडे पाहिल्याशिवाय ज्याला पाण्याचा घोटही मिळत नाही असा असेल, तर त्याची इच्छा आपण दुप्पट वजनाने तोलली पाहिजे. धडधाकट माणूस उठून आपला गोळा आपण आणतो. अंथरुणाला खिळलेल्याची एवढीशी इच्छाही कोणाच्या तरी मर्जीवर लोंबकळत असते. जेथे आपली सत्ता पूर्ण चालते, तेथेच आपली खरी परीक्षा असते.

ह्याचा अर्थ प्रत्येक मागणी पुरवावी असा नव्हे. पुष्कळ वेळा 'नाही' हेच उत्तर बरोबर असते. पण ते उत्तर शोधून आलेले असावे, सोयीने आलेले नसावे. नाही म्हणणाऱ्याने आधी चार पावले चालावे, कोणाला तरी विचारावे, दुसरा काही मार्ग आहे काय ते पाहावे. मग नाही म्हणावे लागले, तर आजाऱ्यालाही कळते की आपले म्हणणे कोणीतरी ऐकले. आमच्या आईला ते कधी कळले नाही. तिला फक्त हसू मिळाले आणि एक खोटे वचन.

त्या दुकानात बसल्या बसल्या आम्हांला त्या बर्फ पिकवणाऱ्या माणसांचा विचार सुचला. जानेवारीच्या मध्यरात्री हातात झाडू घेऊन ती तळ्यावर उभी राहतात. कोणासाठी? जुलैत घामाघूम होऊन येणाऱ्या, त्यांनी कधी न पाहिलेल्या माणसासाठी. अर्थात ते त्यांच्या पोटाचेही साधन आहे, हे आम्ही विसरत नाही. तरी पण पोट भरण्याचे याहून सोपे मार्ग असताना, अनोळखी माणसाच्या दहा मिनिटांच्या सुखाची एवढी काळजी घेणारे लोक जगात आहेत, ही गोष्ट आमचा हिशेब चुकवून गेली. तोशोगू पाहून आम्ही थक्क झालो होतो, कारण ते टिकले. पण जे टिकत नाही त्याचीही कोणी एवढी निगा राखते, हे पाहून आम्ही वरमलो. माणूस तरी कोठे टिकतो? आईला आणखी किती दिवस मिळणार होते, हे आम्हांला ठाऊक होते. दिवस वाढवण्याच्या खटपटीत त्या उरलेल्या दिवसांना गोडी द्यायची राहून गेली.

आमचा वाडगा एव्हाना निम्मा वितळला होता. जपानी माणसे खाण्यापूर्वी हात जोडून 'इतादाकिमासु' म्हणतात, म्हणजे 'मी नम्रतेने स्वीकारतो'. आम्ही ते म्हणायला विसरलो होतो. उशिराने का होईना, म्हटले. उरलेले गोड पाणी वाडगा उचलून प्यालो. कन्येने काही विचारले नाही, आम्हीही काही बोललो नाही. बाहेर पडताना मालकाच्या पत्नीने वाकून नमस्कार केला. तिला वाटले असावे, की आम्हांला तिचा बर्फ फार आवडला. ते खोटेही नव्हते.

गेलेल्या माणसाची इच्छा मागाहून पुरवता येत नाही. कबरीवर फुले वाहता येतात, मिस्सा अर्पण करता येते, पण तहानलेल्या जिभेवर बर्फ ठेवता येत नाही. देणे तसेच राहते. फार तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी पदरात टाकता येते.

आमच्या आळीत एक वृद्ध काकू आहेत. मुले परदेशी, सांभाळायला एक बाई, आणि दोन वर्षांपासून अंथरूण. धर्मग्रामातल्या इतरांप्रमाणे आम्हीही अधूनमधून त्यांना भेटून येत असू. तब्येत विचारत असू, औषधे घेता ना म्हणून विचारत असू. यंदा एप्रिलमध्ये गेलो तेव्हा प्रथमच विचारले, "काकू, तुम्हांला काही खावंसं वाटतं का?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. हा प्रश्न त्यांना कित्येक दिवसांत कोणी विचारला नसावा. मग ओशाळल्यासारख्या होऊन म्हणाल्या, "ताडगोळे आलेत का रे बाजारात?"

आम्ही आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. मग पिशवी घेऊन बाजारात गेलो.